रिकाम्या गॅलरीचं वजन

१

वाकडा खांब दोनच कारणांनी वाकडा होतो. एक तर त्याचा पाय सरकतो, नाहीतर डोकं. माणसाचंही तसंच असतं, असं मी टकळ्याला नेहमी ऐकवायचो, आणि तो म्हणायचा, दाजी, तुमचं नेमकं काय सरकलंय ते ताईला विचारून सांगतो.

टकळ्या म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून हे नाव पडलं. आईवडील लवकर गेले, तेव्हा हिनेच त्याला वाढवला. हिचं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस. मी सुतार, म्हणून तोही सुतार झाला, आमच्याच घरी राहिला, आणि रोज सकाळी आम्ही हत्यारं घेऊन निघालो की ही दारात येऊन मला बजावायची की त्याच्याकडे लक्ष ठेवा. चाळिशीला टेकलेला, अंगापिंडाने माझ्या दीडपट असलेला बाप्या. पण तिला तो अजून शाळेत डबा विसरणारा पोरगाच दिसायचा. मी हो म्हणायचो आणि लक्ष ठेवायचोही, कारण त्याला काही झालं असतं तर मला त्या घरात परत जायला तोंड उरलं नसतं.

त्या दिवशी काम होतं शिवणकामाच्या बाईंकडे. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान, वर एक खोली, आणि खोलीपुढे दुकानाच्या दारावर आलेली लाकडी गॅलरी. गॅलरीखाली दोन खांब. डावा नीट होता. उजवा रस्त्याकडे चांगला वीतभर कलला होता. बाई दारातच मशीन घेऊन बसत, म्हणजे गॅलरी खाली आली असती तर थेट त्यांच्या डोक्यावर. त्यांना त्याची फारशी फिकीर दिसली नाही. गिऱ्हाइकं आत यायला बिचकतात, एवढीच तक्रार होती. वर कोण राहतं, असं मी विचारलं. कोणी नाही म्हणाल्या, नुसते कापडाचे गठ्ठे, आणि गुडघ्यांच्या पायी त्या स्वतः कितीतरी दिवसांत वर गेल्या नव्हत्या.

मी खांबाचा पाय पाहिला. दगडातल्या खाचेत घट्ट बसलेला. शिडी लावून डोकं पाहिलं, तेही तुळईत घट्ट. मग वाटलं, अख्खी गॅलरीच रस्त्याकडे सरकली असेल. तर भिंतीतले सांधे जागच्या जागी, कागदही शिरणार नाही इतके. दोरी ताणून पाहिलं, लाकूड कुठेही वाकलेलं नव्हतं. पाय जागेवर, डोकं जागेवर, गॅलरी जागेवर, लाकूड सरळ, आणि ओळंबा सोडला की खांब वीतभर बाहेर. हे सगळं एकाच वेळी खरं असू शकत नाही. मी पुन्हा सगळं मोजलं आणि टकळ्याला काही बोललो नाही, कारण त्याने दिवसभर माझ्या चष्म्याची चेष्टा केली असती.

२

कललेला खांब सरळ करायचा तर आधी त्याच्यावरचा भार काढावा लागतो. बाजूला टेकू द्यायचे, तुळईखाली जॅक लावायचा, गॅलरी केसभर उचलायची, की खांब सुटा होतो. मग तो दोरीने ओढून ओळंब्यात आणायचा, पाचर ठोकायची आणि जॅक उतरवायचा. खांब सुटा असतो तेवढा वेळ गॅलरीत माणूस नको. पण घरातल्यांना सवय असते. कोणी केस वाळवायला जातं, कोणी फोन कानाला लावून. म्हणून आमच्यात एक रीत आहे. एक जण खाली आणि एक जण वर, गॅलरीच्या दारात, उंबऱ्याच्या आत. खालचा हाक देतो, "वर कोण?" वरचा बघतो आणि म्हणतो, "कोणी नाही." हे उत्तर आल्याशिवाय खालच्याने जॅकला हात लावायचा नाही. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर विनोद करणारा टकळ्यासुद्धा इथे विनोद करत नसे.

टकळ्याला वर पाठवून, बाईंना मशीन आत घ्यायला लावून मी हाक दिली. वरून "कोणी नाही" आलं. मी जॅकचा दांडा मारायला लागलो.

दांडा मारून मारून गॅलरीचं वजन हाताला कळायला लागतं. हे कोणी शिकवत नाही, हात आपला आपण शिकतो. इतक्या फळ्या, इतकी तुळई, असा कठडा, म्हणजे दांडा अमुक एवढ्या जोराने खाली जाणार. त्या दिवशी तो जात नव्हता. गेला तो एका माणसाच्या वजनाने जड गेला. मी थांबलो. पुन्हा मारला तर हलका. पुन्हा मारला तर जड. वजन माझ्या डोक्यावरच्या कोपऱ्याकडे यायचं आणि परत दाराकडे जायचं. सावकाश, कोणीतरी वाट बघत येरझारा घालाव्यात तसं.

मला टकळ्याचा असा संताप आला की विचारू नका. तोंडात शिवीही तयार होती. तेवढ्यात तो रस्त्याच्या वळणावरून येताना दिसला, डोकं ओलं, रुमालाने हात पुसत. म्हणाला, कोपऱ्यावरच्या नळाला पाणी होतं, जरा तोंड धुऊन आलो, तुम्ही अजून हाक दिली नाहीत ना?

दिली, आणि तू उत्तर दिलंस, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, नाही दिली, चल वर.

३

जिना मी त्याच्या आधी चढलो. वरच्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे रचलेले, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. नव्या कापडाचा कोरा वास होता. खालून बाईंच्या मशीनची खडखड येत होती. गॅलरीचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

गॅलरीच्या फळ्यांवर धुळीचा जाड थर होता. त्यात एकही पाऊल नव्हतं. कोपऱ्यापर्यंत नव्हतं आणि कोपऱ्यातून परतही नव्हतं. चिमणीच्या नख्यांचासुद्धा ओरखडा नव्हता. टकळ्या माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला की बाईंनी इथे झाडू मारला तर गॅलरीचं वजन निम्मं होईल. मी हसलो नाही, तेव्हा तो माझ्याकडे जरा बघत राहिला.

मनाची समजूत घालण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. जॅक जुना होता, त्याचं तेल झिरपायचं, आत हवा अडकली की दांडा कधी जड लागणार, कधी हलका. राहिलं ते उत्तर. रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी म्हणालं असेल, त्यात एवढं काय. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. फक्त उत्तर टकळ्याच्याच आवाजात आलं होतं, आणि तो आवाज मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. तेवढं सोडून मी बाकी सगळं स्वतःला पटवलं.

दुसऱ्या खेपेला टकळ्या दारात उभा राहिला, हाक आणि उत्तर रीतसर झालं, दांडाही निमूट खाली गेला. संध्याकाळच्या आत खांब ओळंब्यात आला. बाईंनी मशीन थांबवून चष्म्यावरून पाहिलं आणि बरं झालं म्हणाल्या. घरी आल्यावर टकळ्याने बहिणीला सांगितलं की तुझा नवरा आज रिकाम्या गॅलरीला घाबरला. ती दोघं पोट धरून हसली. मला राग यायला हवा होता, पण त्या हसण्याने बरं वाटलं.

सकाळी बाईंचा फोन आला. खांब पुन्हा होता तसा झाला होता.

४

आम्ही जाऊन पाहिलं. मी ठोकलेली पाचर तसूभर हलली नव्हती. पाय खाचेत होता, डोकं तुळईत होतं, आणि खांब वीतभर रस्त्याकडे.

टकळ्याला तर हर्षच झाला. दाजींचा हात गेला आता, म्हणाला, आज मी खाली राहतो, तुम्ही वर नुसतं उभं राहायचं काम करा. मी कबूल झालो. हाक पडते तेव्हा त्या गॅलरीत काय असतं, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मी उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. समोर गॅलरी रिकामी होती. कठडा, धूळ, पलीकडे रस्त्यावरचे दिव्याचे खांब, समोरच्या इमारतीच्या बंद खिडक्या. खाली टकळ्या टेकू ठोकताना कुठलंसं गाणं चुकीच्या सुरात म्हणत होता. मग गाणं थांबलं आणि त्याची हाक आली.

"वर कोण?"

मी तोंड उघडलं. आवाज निघायच्या आत समोरच्या कोपऱ्यातून, कठड्यापासून, उत्तर आलं.

"कोणी नाही."

आवाज माझा होता. मला त्या दिवशी सर्दी झाली होती. त्या आवाजात ती सर्दीही होती.

खाली जॅक करकरला. कोपऱ्यातली एक फळी माझ्या डोळ्यांदेखत मधोमध दबली, मग तिच्या अलीकडची, मग तिच्याही अलीकडची. धूळ हलली नाही. मी कसाबसा ओरडलो की थांब, हात लावू नकोस. खालून टकळ्या म्हणाला की एकदा कोणी नाही म्हणता, एकदा थांब म्हणता, आणि हे एवढं जड कशाने लागतंय, काय घेऊन उभे आहात वर?

मी जिन्याच्या निम्म्या पायऱ्या चुकवत खाली आलो.

उशीर झाला होता. खांब सुटलाच होता. रस्त्याकडचा टेकू फरशीवरून घसरून आडवा पडला होता, आणि अख्खा कोपरा त्या जुन्या जॅकवर उभा होता. त्याच्या बुडातून तेलाचा ओघळ आला होता. अधूनमधून दांडा मारत राहिलं तर ठीक, नाहीतर गॅलरी सावकाश खाली बसणार. मी बाईंना मागच्या खोलीत जायला सांगितलं. त्या कुरकुरत गेल्या. मशीन बंद पडलं आणि दुकान एकदम शांत झालं.

आता कोणीतरी दांडा धरायलाच हवा होता. टकळ्याला मी त्याच्याखाली ठेवणार नव्हतो. मला काय दिसलं ते त्याला सांगितलं नाही. मी दांडा त्याच्या हातातून घेतला आणि त्याला वर जायला सांगितलं. दारात उभा राहा म्हटलं, उंबऱ्याच्या आत, काही झालं तरी बाहेर पाय टाकू नकोस. रीत हे निमित्त होतं. मला त्याला त्या गॅलरीखालून बाहेर काढायचं होतं, आणि घाबरलेल्या डोक्याला दुसरी जागा सुचली नाही.

५

मी हाक दिली नाही. त्या हाकेचीच मला भीती वाटायला लागली होती. एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात खांबाला बांधलेली दोरी धरून त्याची पावलं ऐकत राहिलो. तो जिना चढला. गठ्ठ्यांना घासत खोलीतून गेला. दाराशी थांबला.

माझ्या हातातला दांडा अगोदरच जड होता. एका माणसाइतका. आता तो आणखी जड व्हायला लागला, पावलापावलाने. हे दुसरं वजन माझ्या ओळखीचं होतं, कितीतरी घरांत ते माझ्या जॅकवरून चाललं होतं. टकळ्या बाहेर आला होता.

"वर कोण?" मी ओरडलो.

"मी आहे, दाजी." आवाज अगदी डोक्यावरून आला. "तुम्हीच म्हणालात ना, कठड्यापाशी ये म्हणून."

"मी काही म्हणालो नाही. आत जा."

तो गप्प झाला. टकळ्या गप्प झाला की मला एरवीही चैन पडत नसे. मग त्याने हळूच विचारलं, "दाजी, तुम्ही खाली आहात?"

"खालीच आहे."

"मग माझ्या शेजारी कोण उभं आहे?"

मी म्हटलं, बघू नकोस, आत जा, आत जा. माझा आवाज बाईमाणसासारखा चिरकला. वर फळ्या वाजल्या. पावलं दाराकडे गेली, उंबरा ओलांडून आत शिरली, गठ्ठ्यांना घासत गेली. दांडा जरा हलका झाला. सुटला, मी मनात म्हटलं, पोरगा सुटला, आता हिला तोंड दाखवता येईल. माझे डोळे भरून आले होते.

मग मी वर पाहिलं. फळ्यांच्या मधून काडी जाईल एवढ्या फटी होत्या आणि त्यांतून उन्हाच्या रेघा माझ्या अंगावर पडत होत्या. त्या रेघा एकेक करून विझत होत्या. आधी पायांवरच्या, मग छातीवरच्या, मग तोंडावरच्या. वर कोणीतरी फळ्यांवर पालथं पडत होतं, माझ्या बरोब्बर वर, फटीला तोंड लावून. थोडी धूळ माझ्या मानेवर सांडली.

"खाली कोण?"

कुजबुज होती, पण आवाज टकळ्याचा होता. टकळ्या तर आत गेला होता. मी त्याची पावलं कानांनी ऐकली होती. आणि आमच्यात वरचा माणूस असं कधी विचारत नाही, विचारायचं काम खालच्याचं. मी श्वास रोखून धरला. दोरी हातातून सुटली.

"खाली कोण?" पुन्हा आलं. या वेळी त्यात रडू होतं.

ते रडू हुबेहूब त्याचं होतं. आपण इथे आहोत हे त्या वरच्याला कळता कामा नये, एवढंच मनात होतं. पुढचं माझ्या तोंडाने केलं. जन्मभर जे उत्तर दिलं तेच त्याने दिलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

वजन गेलं. ते दाराकडे सरकलं नाही, कठड्यावरून खाली पडलं नाही. दांड्याखालून नुसतं निघून गेलं, आणि दांडा रिकाम्या गॅलरीच्या वजनाने सरळ खाली गेला. उन्हाच्या रेघा पुन्हा माझ्या तोंडावर आल्या. खांब माझ्याशिवायच ओळंब्यात येऊन उभा राहिला होता.

६

मी पाचर ठोकली. हात आपलं काम करत होते. जॅक उतरवताना मला ते कळलं, आणि मी तसाच फरशीवर बसलो. पावलं आत गेली तेव्हा दांडा जरासाच हलका झाला होता. माझ्या दीडपट टकळ्या आत गेला असता तर दांडा कितीतरी जास्त हलका झाला असता. आत गेलं ते हलकं होतं. जड होतं ते माझ्या डोक्यावरच राहिलं होतं, आणि तेच मला विचारत होतं, खाली कोण.

जिन्यावर पावलं वाजली. टकळ्या दुकानातून बाहेर आला, रुमालाने हात पुसत. खांबाकडे बघून म्हणाला, जमलं की, दाजी. तुला शेजारी कोण दिसलं होतं, असं मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, कुठे कोण होतं, तुमचं आपलं काहीतरीच. बाई मशीनवर येऊन बसल्या आणि खडखड पुन्हा सुरू झाली.

घरापर्यंत तो बोलत होता. तेच विनोद, तेच चुकीच्या सुरातलं गाणं. मी जरा मागून चालत त्याला बघत होतो. शर्ट तोच, मानेवरचा तीळ जिथल्या तिथे, रस्ता ओलांडताना डोकं खाजवायची खोडही तीच. जॅकचं तेल, मी स्वतःला म्हणालो, आत हवा अडकलेली. घर येईपर्यंत मी बरंचसं पटवून घेतलं होतं. एवढा धडधाकट माणूस समोर चालत असताना हाताच्या भरवशावर कोण बसणार.

ही दारातच होती. तो म्हणाला, ताई, तुझा नवरा म्हातारा झाला, आता त्याला घरी बसव. ती हसली आणि तिने नेहमीसारखा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हात मध्येच थांबला. तो त्याच्या केसांत नुसता राहिला, आणि तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग तिने हात काढून घेतला. बसा म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. ती नळ सोडून तो हात धूत होती, परत परत चोळून. माझ्याकडे न बघता तिने अगदी हळू विचारलं, "माझा भाऊ कुठे आहे?"

तिने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं.

बाहेरच्या खोलीतून हाक आली की ताई, पाणी आणतेस ना. आवाज अगदी त्याचा होता.

तिने पेला भरला. तो माझ्या हातात दिला, मला खांद्याला धरून दाराबाहेर केलं आणि स्वयंपाकघराची कडी आतून लावून घेतली.